सहा बोटांचा फोटो

फोटो हातात द्यायच्या आधी तो समोरच्याचे हात बघायचा. “धुतलेस?” हो म्हटलं तरी रुमाल पुढे करायचाच. एकदा तर समोसा खाऊन आलेल्या परीक्षकालाच त्याने बेसिनकडे पिटाळलं. असा माणूस स्पर्धा जिंकणार कसा, तुम्हीच सांगा.

अंधेरीला, मरोळच्या गावठाणात त्याचं पासपोर्ट फोटोंचं दुकान. ते पोटासाठी. जीव मात्र आर्ट फोटोग्राफीत. मी आमच्या फोटो क्लबची सेक्रेटरी. स्पर्धांच्या तारखा, फाइलचा आकार, नियम, सगळं माझ्याकडे. फॉर्ममध्ये ‘फोटोविषयी’ या चौकटीत तो दर वेळी लिहायचा, “बघा की.” मी ते खोडायचे.

“खोडा, सेक्रेटरीबाई, खोडा. फोटो तर नाही ना खोडता येत!”

त्याची थोरली बहीण गोराईला राहते, मासे विकते. तो तिला ‘बाई’ म्हणतो. तिच्या उजव्या हाताला सहा बोटं. लग्नाच्या फोटोतही तो हात फुलांच्या गुच्छामागे. तोच हात त्याला हवा होता. “मासिकात येईल गं, बाई. लोक बघत राहतील.” किती विनवण्या केल्या त्याने. शेवटी ती म्हणाली, “छापून येणार असेल तर काढ. पण लवकर, मला बोंबील वाळत घालायचेत.”

दोन बोंबील एकमेकांत अडकवून दोरीवर टाकणारा हात. काय फोटो होता! एका मासिकाच्या स्पर्धेला मी स्वतः पाठवला.

उत्तर आलं: हाताला सहा बोटं दिसतात, म्हणजे फोटो एआयने बनवलेला आहे. प्रवेशिका बाद.

मी कॅमेऱ्यातली मूळ फाइल पाठवली. मग फोन लावला, स्पीकरवर. तो शेजारीच बसला होता.

“फाइल बरोबर आहे, मॅडम,” मासिकवाला म्हणाला. “पण वाचकांना खोटं वाटेल ना. एक बोट एडिट करून उडवा आणि पाठवा, पुढच्या अंकात नक्की घेतो.”

नियम कशासाठी, तर खोटे फोटो येऊ नयेत म्हणून. आणि हे म्हणतात, खऱ्याचं खोटं करून पाठवा! माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडायच्या आत तो फोनवर ओरडला, “तुमचं एक बोट कापून पाठवा! मी छापतो.”

फोटो छापून येणार, असं बहिणीने अख्ख्या बाजाराला सांगून ठेवलं होतं. रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर आम्ही तिच्याकडे निघालो. वाटेत मी म्हटलं, “पाठवायला उशीर झाला असं सांग.”

“तिच्याशी खोटं? नको.” त्याने सगळं जसंच्या तसं सांगितलं.

ती आपला हात बघत राहिली. “म्हणजे माझा हात खोटा का रे?”

“ते खोटे, बाई. थांब, परत काढू. याहून झकास.” त्याने कॅमेरा काढला.

“नको,” ती म्हणाली आणि दोरीवरचे बोंबील उतरवू लागली. एकट्या डाव्या हाताने.

तो कॅमेरा डोळ्याला लावून तसाच उभा राहिला. बटण काही दाबलं नाही.

त्यानंतर त्याने आमच्या क्लबकडे स्पर्धेसाठी एकही फोटो दिलेला नाही.