बोअरचं पाणी आणि माझा हात

पुंडलिकनगरच्या त्या घरात मी सून म्हणून आले, तेव्हा माझ्याविरुद्धचा पुरावा आधीच तयार होता. लग्नाला पाहुणे येणार, पाणी कमी पडायला नको, म्हणून मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, अंगणातला बोअर आणखी खोल घेतला होता. नळ कॉलनीत अजून यायचा होता. लग्न कार्यालयात झालं, पाहुणे पांगले, आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, "आता तुझं राज्य" म्हणत स्वयंपाकघर माझ्या हवाली केलं, आणि माझ्या पहिल्याच वरणातली डाळ शिजली नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. मी डाळ आदल्या रात्री भिजवून पाहिली, कुकर बदलला, गुलमंडीच्या बाजारातल्या निरनिराळ्या दुकानांतून तूर आणवली. दाणा बोटांत चेपायला गेलं की खडीसारखा निसटायचा. शेजारीण आमच्या शिट्ट्या मोजायला लागली. खायचा सोडा मागितला तर आत्याबाई म्हणाल्या, "या घरात वरणात सोडा कधी पडला नाय." ते खरंच होतं. त्यांच्या हातची डाळ वर्षानुवर्षं लोण्यासारखी शिजत आली होती. मी आले आणि ती बिघडली. बोअरही त्याच महिन्यात खोल गेला, हे कुणाच्या ध्यानातच येईना. "एखादीच्या हाताला नसतो गुण," असं त्या शेजारणीला सांगायच्या, तेही मला नेमकं ऐकू येईल इतक्या हळू.

मी बी.एस्सी. झालेली, त्यात फटकळ. मामंजींना म्हणाले, "पाणी काळ्या दगडात जितकं खोल आणि जितकं जास्त दिवस राहतं, तितका त्यात चुना उतरतो. त्या चुन्यानं डाळ आकसून राहते. वरचं पाणी आपण संपवलं, आता तळाचं उपसतोय."

त्यांनी तांब्या उजेडात धरला. "यात दगड कुठं दिसतोय?"

"विरघळलाय."

"दगड विरघळतो म्हणतेस, अन् डाळ शिजत नाय म्हणतेस?"

मी साबण आणि बादली पुढं केली. साबणाला फेस नव्हता, बादल्यांवर पांढरी पुटं चढली होती, पण त्यांच्या लेखी ते पाण्याचं सत्त्व होतं. "लई जुनं पाणी हे. फुकटचं कॅल्शियम," म्हणत ते पाहुण्यांना तांब्या द्यायचे आणि रिकामा होईपर्यंत समोरून हलायचे नाहीत.

माझं माहेर पडेगावचं, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथली विहीर उथळ, पाणी गोड. शेवटी माझ्या नवऱ्यानं तोड काढली: डाळीचा कुकर स्कूटरला बांधून पडेगावला न्यायचा आणि शिजवून आणायचा. नुसतं पाणीच का नाही आणलं? कारण बाहेरचं पाणी घरात येणं हा मामंजींच्या बोअरचा अपमान होता. बाहेर शिजलेल्या डाळीला त्यांची हरकत नव्हती. एकदा वाटेत पोलिसानं कुकर उघडायला लावला आणि आत साधी डाळ पाहून तो हिरमुसला. मला हसू यायचं आणि रडूही. माहेरी माझ्या हाताची वाखाणणी व्हायची, आणि इथं मी डाळ न शिजणारी सून होते.

दिवाळीला मी माहेरी गेले. परत आले तर आत्याबाई पातेल्यासमोर बसलेल्या, तोंड उतरलेलं.

"रोज लावतेय. माझा हात गेला गं," त्या म्हणाल्या.

या क्षणासाठी मी टोमणे साठवून ठेवले होते. पण त्या खरोखर घाबरल्या होत्या. टोमणे तसेच ठेवून मी त्यांच्याजवळ बसले.

"हात नाही गेला, आत्याबाई. पाणी गेलंय."

त्यांनी डोळे पुसले, ती डाळ तशीच फोडणीला टाकली आणि मामंजींच्या ताटात वाढली. "मी केलीय. खा."

मामंजी खात राहिले. चावण्याचा आवाज ओसरीपर्यंत येत होता. मध्येच त्यांनी दाढ धरली, पण ताट स्वच्छ केलं. वर तांब्याभर पाणी पिऊन म्हणाले, "झक्कास. बोअर तेवढा अजून खोल घ्यावा लागंल."

माझा हात धरून आत्याबाईंनी मला कुंपणापाशी नेलं आणि शेजारणीला हाक मारली. "ऐका, हिच्या हाताला काय झालेलं नाय. मीच उगा बोल लावला. खोट पाण्यात हाये."

शेजारणीनं वळून आपल्या अंगणातल्या बोअरकडे पाहिलं.

"अन् आमच्या सुनंला तर आम्ही डाळीपायीच माहेरी धाडलंय," ती म्हणाली.