आडनावाशिवायची पाटी

बापूराव डंभारे आणि मी, आमचं उभ्या आयुष्यात एकाच गोष्टीवर पूर्ण एकमत झालं, आणि नेमकी तीच गोष्ट चुकली.

दहा वर्षं झाली त्याला. मी तेव्हा इथल्याच ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवत होतो. आमच्याकडे बारावीचा निकाल लागला की बाप पेढे घेऊन सरांच्या घरी येतो, मार्कशीट पुढ्यात ठेवतो आणि विचारतो, लेकराला कुठं घालू? सर म्हणतील ती पूर्व. तोंडातला पेढा विरघळायच्या आत एका आयुष्याचा निकाल लागतो. मी असे शंभरेक निकाल लावले असतील, आणि खोटं कशाला बोलू, मला त्यात मजा यायची.

बापूराव आपली मुलगी मंजुषा हिला घेऊन आले. हायवेवरच्या जाम गावापासून सात किलोमीटरवर आमचं गाव. बापूरावांची तीन एकर वाडी, त्यात वांगी, कोबी, सांभार, म्हणजे कोथिंबीर. त्यांची बायको शालूबाई तो भाजीपाला जामच्या चौकात विकते.

"सर, एकाहत्तर टक्के पडले पोरीले. आता तुमी सांगान तसं."

मी काही बोलायच्या आत पोरगीच बोलली, "सर, मले आयटीआय कराची हाय. वायरमनचा ट्रेड."

मी हसलो. आईचा बंद पडलेला इलेक्ट्रॉनिक काटा या पोरीनं खोलून दुरुस्त केला होता, हे मला माहीत होतं. शाळेची घंटा वाजेनाशी झाली तेव्हा शिपायाआधी हीच स्टुलावर चढली होती. तरी मी म्हणालो, "एवढी हुशार पोरगी, तारा जोडत बसणार का? बी.ए. कर. इतिहास घे. परीक्षा दे. तहसीलदार होशील."

"पाह्य, सर का म्हणून राह्यले!" बापूरावांचा चेहरा उजळला.

मंजुषानं हातातला पेढा परत ताटलीत ठेवला. मला ते दिसलं होतं. पण शिक्षकाला पाठांतर दिसतं तेवढं बाकीचं दिसत नाही.

पोरगी गुणाची. तीन वर्षं एसटीनं हिंगणघाटला जाऊन बी.ए. झाली, इतिहासात पहिला वर्ग. मी चारचौघांत छाती फुगवली. मग समुद्रपूरच्या अभ्यासिकेत दोन वर्षं. फॉर्म भरायचा, परीक्षा पुढे ढकलली जायची, पुन्हा फॉर्म भरायचा. एकदा तलाठ्याची यादी दीड मार्कानं हुकली. मी म्हणायचो, धीर धर. धीर धरायला सांगणं फार सोपं असतं, विशेषतः पेन्शन सुरू झाल्यावर.

एका सकाळी तिनं कुणाला न विचारता आयटीआयचा फॉर्म भरला. तेविसाव्या वर्षी, बी.ए. होऊन, दहावी पास पोरांच्या बाकावर जाऊन बसली. ती पोरं तिला पहिले पंधरा दिवस मॅडम समजून उभी राहत होती.

घरी मात्र खडाजंगी उडाली. बापूरावांना लग्नाच्या पत्रिकेत मुलीच्या नावापुढे 'बी.ए.' छापायचं होतं, 'वायरमन' नव्हे.

"कर तुले जे कराचं ते," ते म्हणाले. "पन त्याच्यात माझं नाव लावजो नको. डंभाऱ्याची पोरगी मोटरी खोलते म्हनून लोकाईनं हसाचं का?"

त्यानंतर बाप-लेक एका घरात राहून 'जेवला का' आणि 'झालं जेवून' एवढंच बोलायचे. शालूबाई मधे पोस्टमनसारखी फिरायची. एकदा ती माझ्या दारात येऊन म्हणाली, "सर, हे तुमच्याच पेढ्यानं झालं."

आयटीआय झाल्यावर मंजुषा वडनेरला गुलाबभाऊंकडे शिकायला जाऊ लागली. गुलाबभाऊ म्हणजे बोअरच्या मोटरीचे जुने उस्ताद. जळलेली मोटर त्यांच्याकडे यायची, ते जुनी तार काढून तांब्याची नवी तार भरायचे, आणि मोटर पुन्हा दोनशे फूट खाली पाण्यात जायला तयार. हे काम मोजणीचं. किती वेढे काढले, तितकेच घालायचे. वेढे मोजताना कुणी हाक मारली तर मंजुषा नुसतं बोट वर करायची, थांबा म्हणून. उस्ताद आले तरी बोटच. तिचा आकडा कधी चुकला नाही, असं गुलाबभाऊ सगळ्यांना सांगत फिरायचे.

दीड वर्षानं तिनं जामच्या चौकात, आईच्या भाजीच्या जागेमागेच, टिनाचं दुकान टाकलं. पाटी लावली, 'मंजुषा मोटर वायंडिंग'. एवढंच. बापाचं नाव नाही, आडनाव नाही. आमच्याकडे पानठेल्यावरही मालकाचं पूर्ण नाव असतं, त्यामुळे ती पाटी उघड्या डोक्यानं उभी असल्यासारखी दिसायची. बापूराव जामला गेले तर भाजीचं ओझं बायकोपाशी उतरवून रस्ता ओलांडून पलीकडे चहा प्यायचे. दुकानात पाऊल नाही.

असे सहा महिने गेले. मग या मे महिन्यात आमच्या शेतातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळली.

आठ दिवस वाड्या सुकल्या. नवव्या दिवशी नवी डीपी आली. वीज कंपनीच्या माणसांनी ती बसवली, आणि गावानं रीतसर हार घातला. नारळ फोडायचा मान मला दिला. निवृत्तीनंतर मीही दोन एकरांत टमाटे लावतो, आणि गावात अजून मला सर म्हणतात. मी नारळ फोडला. नारळ निघाला सडका. लोक एकमेकांकडे पाहू लागले.

संध्याकाळपर्यंत बोंब झाली. सगळ्या बोअरचं पाणी करंगळीएवढं! मोटर चालू आहे, आवाज बरोबर आहे, आणि पाईपातून नुसती धार. कुणी म्हणालं, पाणी खाली गेलं. कुणी म्हणालं, मोटरी गेल्या. आणि दोन-तीन जण माझ्याकडे पाहून म्हणाले, नारळच तसा होता. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते हेच! नारळ मी विकत आणला नव्हता, ग्रामपंचायतीनं दिला होता. पण ऐकतो कोण.

दुसऱ्या दिवशी बापूरावांनी माणसं लावून बोअरमधली मोटर वर काढली. मीही माझी काढली. मी म्हणालो, "जामला नेऊ. पोरगी आहे आपली."

"वडनेरले जाऊ," ते म्हणाले. "वीस वर्षांपासून गुलाबच माझी मोटर भरते."

वांगी माना टाकून राहिली होती, अजून चार दिवस गेले असते तर हंगाम संपला असता, आणि हा माणूस लेकीच्या दुकानासमोरून भाड्याचा टेम्पो घेऊन तीस किलोमीटर पुढे निघाला. जामचा चौक आला तेव्हा त्यांनी मान पलीकडे वळवली. मी त्यांच्यावर भयंकर चिडलो. आणि खरं सांगायचं तर थोडा स्वतःवरही चिडलो होतो.

गुलाबभाऊंनी दोन्ही मोटरी मीटरवर तपासल्या, मग दुकानातल्या पाण्याच्या टाकीत सोडून चालवल्या. धो धो पाणी.

"बापूराव, मोटरीले काही नाई झालं."

"मंग पानी काऊन नाई येत?"

गुलाबभाऊ मिश्यांत हसले. त्यांना कळलं होतं, पण ते बोलले नाहीत. त्यांनी बापूरावांची मोटर आडवी घेतली आणि पाना लावून वरचं झाकण काढलं. "मागच्या साली ही जळली होती, तवा तुमी मले का म्हटलं होतं, आठवते?"

"म्हटलं होतं, तुमच्याच हातानं भरजो. पोरीले हात लावू देजो नको."

"हो. अन् मी मुंडी हालवली होती," गुलाबभाऊ म्हणाले. "माझ्या दुकानाचा एक कायदा हाय. ज्यानं मोटर भरली, त्यानं झाकनाच्या आतून आपलं नाव ठोकाचं. म्हंजे उद्या खराब निघाली तर कोनाचा कान धराचा ते समजते. पाहा."

त्यांनी झाकण उलटं करून बापूरावांच्या हातात दिलं. पाण्यानं काळपट झालेल्या लोखंडावर छिन्नीनं ठोकलेली अक्षरं होती. जरा वाकडी, पण स्पष्ट. 'मंजुषा बापूराव डंभारे'. खाली तारीख.

बापूरावांनी अंगठ्यानं गाळ पुसला. पुन्हा वाचलं. जवळजवळ दीड वर्ष त्यांचं नाव दोनशे फूट खाली पाण्यात होतं आणि त्यांच्याच वांग्यांना पाणी देत होतं. वर उजेडात लावायची बंदी होती, म्हणून पोरीनं ते कुणाला दिसणार नाही तिथं लावलं होतं.

"तिनं भरलेली ती पहिली पुरी मोटर," गुलाबभाऊ म्हणाले. "मले म्हने, उस्ताद, बाबाची हाय, मीच भरतो, फक्त त्याईले सांगू नका. आता पानी काऊन येत नाई ते तिलेच पुसा. मी सांगन नाई."

परत येताना बापूराव मोटरीपाशी, टेम्पोच्या मागच्या भागात बसले. समोर जागा रिकामी होती.

जामच्या चौकात टेम्पो थांबला. शालूबाईनं आम्हाला पाहिलं आणि तिच्या हातातली पालकाची जुडी तशीच राहिली. बापूराव उतरले, दुकानाच्या दारापर्यंत गेले आणि गिऱ्हाइकासारखे बाहेरच उभे राहिले. मंजुषा वेढे मोजत होती. तिनं न पाहताच बोट वर केलं. बापूराव थांबले. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस कुणाच्या बोटावर थांबलेला मी पाहिला.

मोजणी संपली, तिनं मान वर केली.

"मोटर दाखवाची होती," बापूराव म्हणाले.

तिनं टेम्पोकडे पाहिलं, मग झाकणाच्या ताज्या सोडवलेल्या नटांकडे पाहिलं. तिचा चेहरा एकदम लाल झाला. "उस्तादनं खोलली का?"

"खोलली. वाचलं मी."

तिनं हातातली तार खाली ठेवली. मग म्हणाली, "बाबा, नवी डीपी बसवली ना? तारा उलट्यासुलट्या जोडल्या असतीन, मंग मोटरी उलट्या फिरून राह्यल्या. विहिरीवरची मोटर डोळ्याले दिसते, बोअरमधली कोनाले दिसते? स्टार्टरमधल्या दोन तारा अदलाबदल केल्या का झालं. मोटर वर काढाची गरजच नव्हती."

"तू मले काल काऊन नाई सांगितलं?"

"तुमी पुसलं का?"

दहा वर्षांपूर्वी मीही तिला काही विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं.

मंजुषा हत्यारांची पिशवी घेऊन टेम्पोत चढली. वाडीत पोचल्यावर मोटरी पुन्हा बोअरमध्ये सोडल्या. तिनं वीज बंद केली, स्टार्टर उघडला, दोन तारा सोडल्या, उलटसुलट लावल्या. पाच मिनिटं. बटण दाबलं आणि पाईपातून अशी उसळी आली की बापूरावांचा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला. शेजारचे धावत आले. संध्याकाळपर्यंत मंजुषानं डीपीवरचे सगळे स्टार्टर सरळ केले, आणि माझा नारळ निर्दोष सुटला.

आता निकालानंतर कुणी पेढे घेऊन आलं की मी आधी लेकराला विचारतो, तुला काय करायचं? यंदा एक मुलगी म्हणाली, कॉलेजच करायचं, केमिस्ट्री. मी म्हटलं, कर. दुसरा म्हणाला, माहीत नाही. त्याला मी आठ दिवस मंजुषाच्या दुकानात बसवलं. त्याला मोटरीतलं काही आवडलं नाही, पण निदान आता तेवढं तरी माहीत आहे.

राहिली पाटी. रविवारी बापूराव समुद्रपूरहून पेंटर घेऊन आले. मी चहाच्या निमित्तानं तिथंच होतो. पेंटरनं पाटी पाहिली आणि मान हलवली. "काका, जागाच नाई. नवी बनवा लागन."

"नवी कायले? ह्याच्यावरच बसव. बारीक लिही, पन लिही."

"का लिहू?"

"मोटरीत जसं हाय तसं."

पेंटरला काही समजलं नाही. "कोन्त्या मोटरीत, काका?"

मग बापूराव चौकातल्या गर्दीत, एसटीच्या हॉर्नवर आवाज चढवून, एकेक शब्द सुटा करून सांगू लागले, "मंजुषा. बापूराव. डंभारे." आणि जरा थांबून माझ्याकडे पाहत, "अन् जमलं तर पुढं बी.ए."

आत मंजुषा वेढे मोजत होती. आपलं नाव ऐकून तिचं बोट नेहमीसारखं वर गेलं होतं. ते हळूच खाली आलं, आणि तिनं हातातली तार सोडवून पुन्हा पहिल्या वेढ्यापासून मोजायला सुरुवात केली.