शुक्रवारचं सूप

आजवर मला कुणी फसवलेलं नाही! सातवी नापास गडी, पण भल्याभल्यांना टोप्या घातल्या. म्हणजे एक मुळा सोडला तर. आणि एक पुठ्ठ्याची चकती. आणि... जाऊ द्या. एकाच टेबलावर तीन उन्हाळे बसलं की किस्से असे साचतात, की कुठला आधी सांगू असं होतं.

टेबल परदेशातलं, उइटहॉर्न नावाच्या गावातल्या एका जर्मन पद्धतीच्या हॉटेलातलं. आमचा नितीन तिकडे आयटीत. आम्ही नवराबायको दर उन्हाळ्यात तीन महिने कराडहून त्याच्याकडे. पहिल्यांदा निघताना शालननं मला देवापुढे उभं केलं. हातावर तुळशीचं पान ठेवलं. "तिकडे बिअरला हात लावणार नाही म्हणा. लावलात तर त्याच दिवशी मी एकटी परत येईन."

म्हटलं बापड्यानं! कारण ती बोलते ते करते. एकदा रुसून माहेरी गेली ती पाच महिन्यांनी उगवली होती.

म्हणून मी आणि नितीन दर शुक्रवारी 'सूप प्यायला' जायचो. ती बुधवारी सूनबाईच्या मैत्रिणींबरोबर भजनाला, आम्ही शुक्रवारी सूपला!

*

पहिला शुक्रवार. मारीक नावाची वेट्रेस, उंचीला ताडासारखी. तिनं बिअरचा एवढासा ग्लास ठेवला. मी संपवला. तिनं न विचारता दुसरा ठेवला. मला वाटलं, पंगतीतला आग्रह! पाहुण्यानं नाही कसं म्हणायचं?

आठव्या ग्लासानंतर मी पानावर धरतात तसा ग्लासावर आडवा हात धरला. तिनं तो हात हातात घेऊन शेकहँड केला आणि नववा ठेवला!

नितीन हसून हसून लाल. "अण्णा, पुरे झालं की ग्लासावर ही पुठ्ठ्याची चकती ठेवायची. इथली पद्धत आहे."

"मग आधी बोलायला काय झालं होतं?"

"तुम्ही मला विहिरीत ढकलून पोहायला शिकवलंत, तेव्हा आधी बोलला होतात?"

*

नितीनच्या ऑफिसातला प्रसाद एकदा लांबच्या झुइडओस्ट भागातून आमच्याबरोबर जेवायला आला. गरीब गाय. त्याच्यापुढे भाजलेली डुकराची तंगडी आली, तान्ह्या पोराएवढी! मी हळूच म्हटलं, "जपून हां. पानात टाकलं की आचारी सुरा घेऊन बाहेर येतो."

अर्ध्यावर प्रसादनं हात टेकले. तेवढ्यात भटारखान्याचं दार उघडलं आणि आचारी खरंच सुरा घेऊन बाहेर! हातभर लांब सुरा! सरळ आमच्याच टेबलाकडे!

"खातोय! खातोय!" प्रसाद खुर्चीवर उभा. खोटं कशाला बोलू, मीही टेबलाखाली होतो.

तो बिचारा उरलेलं कापून, घरी न्यायला बांधून द्यायला आला होता.

*

एकदा मटणाशेजारी वाटीत पांढरं, किसलेलं काहीतरी होतं. ओल्या खोबऱ्याची चटणी! परदेशात! मी भला मोठा चमचा भरून तोंडात टाकला.

ठेचा पचवणारा माणूस मी. पण हे जिभेवर थांबलंच नाही, नाकातून थेट टाळूत! तिकडचा मुळा निघाला तो! डोळ्यांतून धारा लागल्या. मारीक धावत आली, माझं डोकं खांद्यावर घेऊन थोपटायला लागली. तिनं नितीनला विचारलं, "घरचं कुणी गेलं का?"

नितीन म्हणाला, "यांचा माज."

*

एका शुक्रवारी घरी आलो तर नात सई गळ्यात पडली. सहा वर्षांची. वास घेऊन ओरडली, "आजोबा, यू स्मेल लाइक ब्रेड!"

मी तिला झटकन खाली ठेवलं. शालन कपड्यांच्या घड्या घालत होती. वर न बघताच म्हणाली, "बेकरीवरून आले असतील."

मनात म्हटलं, किती भोळी आहे बिचारी!

*

मग आमच्या लग्नाचा वाढदिवस आला. सूनबाईनं टेबल बुक केलं. कुठे, ते सांगेना. गाडी थांबली ती त्याच दारात! "आई, अण्णा, सरप्राइज!"

मी हात धुवायच्या निमित्तानं पुढे पळालो, मारीकपुढे अक्षरशः हात जोडले. आज फक्त सूप. सूप! तिनं डोळा मारला.

माझ्यापुढे सूप आलं. वाफा येत होत्या. मी श्वास सोडला. शालन एकटी परत जाणार नाही आता.

तेवढ्यात मारीकनं शालनपुढे बिअरचा ग्लास ठेवला. न विचारता!

"अहो बाई, ती नाही घेत!" मी मराठीतच ओरडलो.

मारीक शालनकडे बघून हसत काहीतरी बोलली. सूनबाई छताकडे बघायला लागली. नितीननं अर्थ सांगितला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. "ती विचारतेय... बुधवारची गाणारी मंडळी आज कुठे राहिली?"

शालननं ग्लास उचलला, संपवला, ओठावरचा फेस पदरानं टिपला. आणि पुठ्ठ्याची चकती उचलून अलगद ग्लासावर ठेवली.

"शालन! अगं, देवापुढची शपथ?"

"ती तुम्ही घेतली होती. सूप प्या, गार होतंय."