हवेतली फेरी

मामींचा फोन आला तेव्हा मी मामांवर रागावलेलीच होते. तीन आठवडे आम्ही बोललो नव्हतो. "तुझे मामा गेले गं बाई… चहा मागितला, अन् कप हातातच राहिला," एवढंच त्या बोलू शकल्या. लातूरहून नांदेडला पोहोचेपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडतच होते. आता दीड महिना झाला. भांडण संपलेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

मामा मूळचे हदगावचे पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॉल्यांवरची नावं, शाळांच्या भिंती यांवर त्यांचं पोट. माझे वडील चळवळीची पत्रकं लिहायचे आणि त्यांतली एखादी ओळ मामा पदरच्या रंगाने भिंतीवर चढवायचे. 'माणसाला माणूस म्हणा' ही वडिलांची ओळ शाळेच्या वाटेवर मी रोज वाचायची. पुढे फ्लेक्स आले, ब्रश वाळले. मग साठीला टेकलेल्या या माणसाने नांदेडच्या घरामागे, पत्र्याच्या शेडमध्ये, सुटे भाग मागवून एक छोटं सीएनसी राउटर जोडलं. संगणकावर अक्षर काढायचं आणि फिरत्या बिटने, म्हणजे कोरणाऱ्या पात्याने, ते सागवानात कोरून घ्यायचं. घरांच्या पाट्या, लग्नात द्यायच्या नक्षीदार पाट्या… बोटांचा रंग गेला, नखांत भुसा आला.

त्यांची एक सवय होती. कापण्याआधी बिट लाकडाच्या बोटभर वर ठेवून ते सगळी फेरी हवेत फिरवायचे. बिट लाकूड आवळून धरणाऱ्या क्लॅम्पवर आदळत नाही ना, हे बघायला. पण स्टुलावर बसून बघायचे असे, की जणू कुणाची साक्ष ऐकताहेत. "लाकूड एकदा कापलं की परत न्हाई येत," म्हणायचे. "तवर इचार करता येतो."

लातूरच्या माझ्या खोलीच्या दारावरची, आडनावासकट पूर्ण नाव मिरवणारी पाटी त्यांचीच. गल्लीतल्या नव्या सोसायटीच्या अध्यक्षांना ती आवडली आणि मीच कौतुकाने मामांचा नंबर दिला. काय कोरायचंय, हे विचारलं नाही.

पुढच्या रविवारी शेडमध्ये गेले तर मशीन चालू होतं. स्क्रीनवर वेलबुट्टीच्या चौकटीत सुंदर अक्षरं: 'येथे फक्त शाकाहारी कुटुंबांनाच घर मिळेल.' हे वाक्य कुणाला बाहेर ठेवण्यासाठी असतं, ते आमच्यासारख्या बौद्ध घरांत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी धावत जाऊन लाल बटण दाबलं. घरघर थांबली.

"हात कसा धजावला तुमचा, मामा?"

ते स्टुलावरून उठले नाहीत. "तिथं आपल्याला घर न्हाई भेटत, हे पाटी नसली तरी ठावं हाय मला. पोटात ठिवत्यात, ते लाकडावर लिहू दे की. निदान दिसंल तरी."

"मग कोरा! खाली तुमचं नावही कोरा!"

"बटन दाबायची लई घाई तुला, पुढारीनबाई." त्यांनी फळीकडे बोट केलं. फळीवर ओरखडाही नव्हता. "कापून नव्हतो राहिलो. हवेत फिरवून राहिलो व्हतो… ठरवून राहिलो व्हतो. आता मी न्हाई म्हनलं तरी ते तुझं न्हाई असंल. माझं कुठं राहिलं?"

मी तावातावाने निघून आले.

मामांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मी शेड उघडलं. फळी मशीनवरच होती, क्लॅम्पमध्ये, तितकीच कोरी. मामांनी ती कापली नव्हती. सोडवलीही नव्हती. अध्यक्षांचे फोन येत होते आणि मामा दर वेळी एकच सांगत, "बघून राहिलो." हे मला मामींनी सांगितलं.

ती पाटी कुठल्याच दारावर लागू नये, हे माझं म्हणणं आजही तसूभर हललेलं नाही. पण नकार देण्याचा हक्क त्यांचाही होता, आणि तो मी एका बोटाने हिसकावून घेतला.

मी त्यांच्यासारखंच बिट बोटभर वर ठेवलं आणि मशीन सुरू केलं. स्टुलावर बसले. बिट हवेत एकेक अक्षर काढत गेलं… 'फक्त'पाशी माझा हात लाल बटणाकडे गेला. मागे घेतला. फेरी पूर्ण होऊ दिली.

बिट कोपऱ्यात परतल्यावर मी क्लॅम्प सैल केले. हा नकार माझा. त्यांचा काय असता, ते मला कधीच कळणार नाही. फळी उचलली, तर इतके दिवस आवळून ठेवलेल्या क्लॅम्पचे चार वळ तेवढे तिच्यावर उमटले होते.