ड्रॉच्या चिठ्ठीवरची सही

कार्डांच्या त्या स्पर्धांचा मला आता वीट आलाय. माजिवड्याच्या त्या हॉलचं तर नावही नको. एसी बंद, शंभरेक पुरुष सकाळपासून घामात निथळत बसलेले, वेफर्स खाल्लेल्या तेलकट बोटांनी एकमेकांची कार्डं उचलून बघतायत. बायकांच्या टॉयलेटात खोके रचून ठेवलेले, कारण बायका येतील हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. शी! तरी मी पाच वर्षं जात होते, माझ्या मोठ्या भावाबरोबर. मुळात ते वेड दादाचंच.

आई वैतागायची, नोकऱ्या करणारे दोन घोडे रविवारी पत्ते कुटत बसतात म्हणून. ते पत्ते नव्हेत हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. राक्षस, मंत्र, किल्ले छापलेली हजारो कार्डं बाजारात येतात. त्यातली साठ निवडून आपला डेक बांधायचा आणि समोरच्याच्या डेकशी लढवायचा. खरी मेहनत निवडण्यात. कळव्याच्या घरात दादा दुपारभर फरशीवर कार्डं मांडून बसायचा. नेहमी बासष्ट व्हायची आणि वरची दोन काढायला त्याला आठवडा लागायचा. त्याची कसोटी एकच. हातात आल्यावर आपलं तोंड वाकडं होतं ते कार्ड काढायचं. माझ्या डेकमधलीही तोच काढायचा, माझ्या तोंडाकडे बघून.

आठ वर्षांत तो एकदाही पहिल्या आठात गेला नव्हता. त्या आठ जणांना एक रबरी मॅट मिळते, खेळताना कार्डांखाली अंथरायला. त्याला ती हवी होती, बस्स. एकदा डोंबिवलीत अगदी हाताशी आलेली. शेवटच्या फेरीत दोघांचेही गुण भरपूर असले, तर न खेळताच ड्रॉ लिहून देता येतो. दोघांना एकेक गुण मिळतो आणि दोघंही आत. नियमात बसतं आणि सगळे करतात. दादाने केला नाही. खेळला, हरला, बाहेर गेला. येताना रिक्षात मी त्याला जाम झापलं, तुझ्यासारखा येडा मी बघितला नाही म्हटलं.

"अगं, खेळायला आलेलो ना आपण?" तो म्हणाला.

माजिवड्याची स्पर्धा त्याची शेवटची होती. पुढच्या महिन्यापासून कंपनीने त्याला रविवारची शिफ्ट लावलेली. आणि त्याच दिवशी सकाळी, घरातून निघताना, त्याने आपल्या डेकमधली चार पहारेकरी कार्डं काढून मला दिली. आमच्याकडे तेवढीच होती. तुझ्या डेकला जास्त गरज आहे, म्हणाला. मी घेतली. नको म्हणायचं सुचलंसुद्धा नाही मला.

सहा फेऱ्या होत्या. जिंकलं की तीन गुण, ड्रॉला एक. पाच फेऱ्यांनंतर मी बारावर होते आणि दादा नऊवर. भिंतीवरच्या यादीसमोर उभी राहून मी सगळा हिशोब मांडलेला. दादा शेवटची जिंकला तर तोही बारावर येणार. मी आणि माझ्या समोरचा खेळलो, तर आमच्यातला हरणारा बारावरच राहणार, आणि बारावाल्यांमध्ये दादाचा नंबर वर होता, कारण गुण सारखे असले की ज्याच्यासमोर तगडे खेळाडू आले तो वर धरतात, आणि दादाच्या वाट्याला सगळे तसेच आलेले. म्हणजे आठवी जागा त्याची. पण आम्ही ड्रॉ केला तर आम्ही दोघं आत आणि दादा नववा.

समोर कल्याणचा एक दाढीवाला बसला. बोटं चाटत म्हणाला, "मॅडम, ड्रॉ? दोघं आत."

तीन टेबलं सोडून दादाची पाठ दिसत होती. शर्ट घामाने चिकटलेला, मान कार्डांत खुपसलेली. खेळूया, एवढंच म्हणायचं होतं मला. पण हरले असते तर बाहेर मी गेले असते. मी सही केली. त्या चिठ्ठीवर त्या माणसाच्या बोटाचा तेलकट डाग होता आणि मी त्याच्या शेजारीच माझं नाव लिहिलं. अर्धं मिनिटही लागलं नाही.

पाऊण तासाने दादा उठला, जिंकून. हसत माझ्याकडे येत होता, तेवढ्यात भिंतीवर नवी यादी लागली. त्याने बोट लावून वरून खाली वाचली. नवव्या नावावर बोट थांबलं. मग परत वर, माझ्या नावापर्यंत गेलं. पुढे तेरा गुण. बारावर असलेल्याचे तेरा कसे होतात, हे त्याला समजवावं लागत नव्हतं.

तरी पुढच्या सामन्याला तो माझ्यामागे खुर्ची टाकून बसला. पहिल्याच हातात त्याने दिलेलं पहारेकरी कार्ड आलं आणि माझं तोंड वाकडं झालं. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती. हरले. मॅट मिळालीच.

कळव्याच्या बसमध्ये ती गुंडाळी मांडीवर होती आणि नव्या रबराचा घाण वास येत होता. मी म्हटलं, "दादा, सही करताना मला सगळं माहीत होतं."

तो खिडकीबाहेर बघत होता. "मीपण तेच केलं असतं गं," म्हणाला.

दादा माझ्याशी खोटं बोललेला मला तेवढंच आठवतं.