सुमनचा डोंगर

मैत्रिणींनो, आज दुपारी माझ्या भाचीला, सुमनला, बघायला नातेपुत्याची मंडळी सोलापुरात आली. मुलीच्या हातचं काम दाखवायची आपली रीत. भरतकामाऐवजी पोरीनं तैलचित्र मांडलं. खवळलेला समुद्र, नुसते काळे-हिरवे फटकारे. कुर्डुवाडीपलीकडं कधी न गेलेल्या पोरीचा समुद्र!

"लई काळं हाय," मुलाची आई म्हणाली. "कायतरी वळखीचं काढ की ह्यात."

दादानं, तिच्या बापानं, तिथंच तिच्या हातात ब्रश दिला. "काढ."

सुमननं पालथी झालेली होडी काढली.

"डोंगर झ्याक जमलाय!" मुलाची आई खूश झाली.

दादाला होडी कळली होती. माझ्याकडं न बघता तो म्हणाला, "व्हय, डोंगरच," आणि साखर वाटली.

तुमच्या घरातल्या चित्रांतले डोंगर तुम्ही कधी नीट बघितलेत का गं?