आमच्या घराण्याच्या टाचा

नवा बूट चावला म्हणून मी दवाखान्यात गेले होते. वाशिमच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. दिवसभर उभं राहावं लागतं. पोटरीपासून टाचेपर्यंत मागच्या बाजूने दोरीसारखी जी धोंडशीर उतरते, नेमकी तिथेच बुटाची कड घासून जखम झाली होती आणि ती काही केल्या भरत नव्हती.

दवाखान्यातली डॉक्टर माझ्याच वयाची, तिशीच्या आसपासची. तिने जखम पटकन पाहिली, मलम लिहून दिलं आणि मग ती शीर अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून बराच वेळ चाचपत राहिली. नंतर दुसरा पाय मागितला.

"ही इतकी जाड पहिल्यापासून आहे?"

"हो. आमच्या घरात सगळ्यांच्याच टाचा अशा आहेत."

"सगळ्यांच्या म्हणजे कोणाकोणाच्या?"

मला आठवावं लागलं. आईच्या नाहीत. "वडिलांकडच्यांच्या."

"वडील काय करतात?"

"नाहीत ते. मी पाचवीत होते तेव्हा गेले."

"कशाने?"

"गॅस झाला होता."

तिने पेन खाली ठेवलं. "वय काय होतं त्यांचं?"

"चाळिशीच्या आतलेच होते."

तिने रक्ताची तपासणी लिहून दिली. कोलेस्टेरॉलची. बूट चावला तर रक्त कशाला, असं मी विचारलं, तेव्हा ती हसली आणि खुर्ची जवळ ओढून सांगू लागली. काही घराण्यांत रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल बाजूला काढायचं यकृताचं काम जन्मापासूनच मंद असतं. मग ते रक्तात साठत राहतं, हृदयाच्या रक्तवाहिन्यांना आतून थर चढतो. कोणाकोणाच्या टाचेमागच्या शिरेतही ते जमतं आणि शीर जाड होते. "बाहेरून दिसणारी खूण आहे ही. असेलच असं नाही. पण पाहून घेऊ."

रिपोर्ट आला आणि होतंच. साधंसुधं नाही, फार जास्त.

मी अंगाने बारीक. तळलेलं फारसं खात नाही, खर्रा-तंबाखूचा तर प्रश्नच नाही. खरं सांगायचं तर भीतीच्या आधी मला नवल वाटलं. दर वर्षी मी फळ्यावर लाल-निळ्या खडूने हृदय काढते, बाण दाखवून रक्त कुठून कुठे जातं ते मुलांकडून पाठ करून घेते. त्या नळ्या माझ्याही छातीत आहेत आणि माझ्या जन्मापासून त्यांत काहीतरी चाललंय, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

डॉक्टरने रोजची गोळी सुरू केली. मूल हवं असेल तेव्हा आधी येऊन सांगा, तेवढ्या काळापुरती गोळी थांबवावी लागेल, हेही बजावलं. आणि म्हणाली, "आई-बापापैकी एकाला हे असेल तर प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी असते. सख्ख्या भावंडांना तपासून घ्या. वडिलांच्या भावंडांनाही."

त्याच आठवड्यात किन्हीराजाला आत्याच्या घरी लग्न होतं. वडिलांकडचे सगळे नातेवाईक एका मांडवात आणि चपला सगळ्यांच्या बाहेर! मी हळदीच्या कार्यक्रमात बसले होते, पण माझी नजर खाली. कोणाची टाच सडपातळ, घोट्याजवळ छान खळगा पडलेला. कोणाची आमच्यासारखी, वरपासून खालपर्यंत एकसारखी जाड. चुलतबहिणीची सडपातळ होती, तिच्या सख्ख्या भावाची जाड. मी मनातल्या मनात झाड काढत होते, वर्गात आनुवंशिकता शिकवताना काढते तसं.

आत्याच्या ते लक्षात आलं. "काय पाहून राह्यली वं माह्या पायाकडे? जोडवे पाह्यतं का?"

"टाच पाहते आत्या. हात लावू?"

"लाव बापा. लय दुखते ते. म्हणून तं मी जिंदगीभर बिनपट्ट्याची चप्पल घातली."

तिची शीर माझ्याहून जाड, गाठीगाठींची होती. मी तिला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुह्या बाबाचीबी अशीच होती. अन् आमच्या बाबाचीबी. तेबी जवानच गेले."

"कशाने गेले?"

"गॅसनंच."

मग तिने मला जे सांगितलं ते मी कधीच ऐकलं नव्हतं. माझे वडील रिसोड-वाशिम काळीपिवळी जीप चालवायचे. शेवटच्या उन्हाळ्यात ते आत्याकडे आले, तर फाट्यापासून घरापर्यंत चालताना मधे उभे राहायचे. आत्याने विचारलं, काहून थांबला? तर म्हणाले, छातीत जळजळ होते, थांबलो की बरं वाटते. घरी आल्यावर तिने सोडा दिला. "त्याईले बरं वाटलं. मले वाटलं सोड्यानंच वाटलं."

चाललं की दुखतं, उभं राहिलं की थांबतं. पुढे मी हे डॉक्टरला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ते पोट नव्हतं, हृदय होतं.

माझा धाकटा भाऊ त्याच लग्नात पंगत वाढत होता. तो रिठदला आईजवळ राहतो आणि पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे उठून मैदानावर धावतो, पुलअप्स काढतो. त्याला मी सांगायला गेले तर तो भडकला.

"मी रोज धावतो ताई. माह्या आंगावर चरबी दाखव कुठी हाये. मले काय होते?"

"माझ्याही अंगावर नाही."

"अन् रिपोर्टात काही निघालं तं? भरतीवाले घेतीन मले? तू कायले हे उकरून राह्यली?"

 मी म्हटलं, मलाही माहीत नाही, विचारू या. तो भांडं घेऊन निघून गेला.

पहिली तयार झाली ती आत्या. लग्नाची गडबड सरल्यावर ती एकटी एसटीने वाशिमला आली आणि रक्त देऊन, माझ्याकडे जेवून परत गेली. तिचं कोलेस्टेरॉल जास्त निघालंच. पुढच्या तपासणीत हृदयाच्या एका वाहिनीतही अडथळा दिसला, पण वेळेत, औषधांवर भागेल असा. तिने माझ्या भावाला फोन केला. काय बोलली ते तिने मला सांगितलं नाही. पुढच्या रविवारी भाऊ माझ्या दारात उभा होता. उपाशीपोटी आला होता, उपाशी यायची गरज नसते हे मी त्याला नंतर सांगितलं.

त्याचा आकडा माझ्याहून मोठा होता.

डॉक्टरसमोर त्याने आधी भरतीचंच विचारलं. ती म्हणाली, "भरतीच्या नियमांचं मी सांगू शकत नाही, ते विचारून घ्या. पण हे लपवून धावू नका. आधी ईसीजी आणि इको करू, चालत्या पट्ट्यावर तपासू, मग धावायचं ठरवू." मधले काही दिवस तो मैदानावर जाऊन नुसता बसायचा, असं आई म्हणायची. तपासण्या चांगल्या आल्या. त्याने गोळी सुरू केली, मित्रांसोबत अधूनमधून खायचा तो खर्रा सोडला आणि पुन्हा धावायला लागला. त्या वर्षीच्या भरतीत मैदानी चाचणीत तो चांगला निघाला, लेखीत मागे पडला. चिडला, मग पुस्तकं घेऊन बसला. नव्या तपासणीत त्याचं कोलेस्टेरॉल निम्म्यावर आलं होतं, तेव्हा मात्र त्याने मला रिपोर्टचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "लेखीपेक्षा हे बरं."

हे सगळं आईला नीट समजावून सांगायला मी रिठदला गेले. ती भाकरी थापत होती. मी सांगत गेले, ती ऐकत गेली. तव्यावरची भाकरी करपली तरी तिने उलटली नाही.

"मंजे जन्मापासूनच होतं त्याईले?"

"हो."

"माह्या हातच्या खाण्यानं नाही?"

मला कळेना ती काय विचारते आहे. मग ती म्हणाली, "ते गेले त्या दिवशी म्या भजे केले होते. त्याईनं मांगतले म्हणून. तुही आजी म्हणे, तेलकट घालू घालू मारलं माह्या पोराले."

इतकी वर्षं ते ती मनात घेऊन बसली होती आणि आम्हा दोघांना पत्ता नव्हता. मी तिला सांगितलं की तेलकट रोज खाऊ नये हे खरं, पण एका दिवसाच्या भज्यांनी हे होत नाही, ते आतून फार आधीपासून चाललेलं होतं. तिने पदराने तोंड पुसलं आणि तवा खाली उतरवला.

मग ती वडिलांबद्दल बोलायला लागली. मी विचारत गेले, ते कसे हसायचे, गाडीत गाणी लावायचे का, तुला गाडीत पुढे बसवायचे का. "पुढं? पुढं तं चार सवाऱ्या राहे," ती म्हणाली. "पन मी आली का एकाले मांगं पाठवे."

ती हे सांगताना चक्क लाजली.